दुसऱ्याने मांडलेले रूळ

टिळकवाडीत पत्ता सांगायचा झाला, तर घराच्या क्रमांकापेक्षा रेल्वेचे गेट अधिक उपयोगी पडते. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. एवढे म्हटले, की नवखा माणूससुद्धा वाट चुकत नाही. आमच्या लहानपणी येथील मुले घड्याळ वाचावयास शिकण्यापूर्वी गाडीच्या शिट्टीवरून वेळ ओळखावयास शिकत. तेव्हा ह्या वस्तीतील एखाद्या माणसाने आयुष्यभर रेल्वेचाच ध्यास घेतला, तर त्यात नवल ते काय?

असे एक गृहस्थ आमच्या शेजारी राहत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सारी नोकरी गेली. आळीतील लहानथोर त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. आम्हीही येथे तेच नाव वापरतो. काकांनी १९७०च्या सुमारास, नोकरीत असतानाच, माडीवर एक छोटी रेल्वे मांडावयास घेतली आणि पुढील चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते ती मांडीतच राहिले. गेल्या वर्षी ती रेल्वे आमच्या घरी आली. ती कशी आली, आम्ही तिचे काय केले आणि त्यात आमचे काय चुकले, ते आज वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे. आगगाडीची आवड नसलेल्यांनीही हे वाचावे, अशी विनंती आहे. दुसऱ्याने आरंभिलेले काम हाती घेण्याचा प्रसंग शेत, दुकान, विहीर किंवा घर ह्यांच्या बाबतीत प्रत्येकावरच केव्हा ना केव्हा येत असतो.

प्रथम ही छोटी रेल्वे म्हणजे काय, ते सांगतो. चार फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवूडच्या दोन फळ्या, मध्ये नटबोल्टांनी जोडलेल्या. त्यांवर रूळ, सांधे, सिग्नल आणि बेळगाव, देसूर, खानापूर अशी तीन स्थानके. खानापूरच्या अलीकडे एक डोंगर, पलीकडे मलप्रभेवरचा पूल आणि बेळगावच्या बाजूस रस्ता अडविणारे एक फाटक. डबे डालड्याच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेले. इंजिने दोन, त्यांची चाके व मोटार मुंबईहून मिळविलेली विलायती, परंतु वरचा साज काकांनी स्वतः घडविलेला.

ह्या छंदाची जगात जी मापे रूढ आहेत, त्यांपैकी सर्वांत प्रचलित माप १:८७ हे होय. खरी वस्तू सत्त्याऐंशी फूट लांब असेल, तर तिची प्रतिकृती एक फूट होते. ह्या मापाच्या तयार रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून ठरलेले आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा, तर बेळगावचा जुना मीटरगेज मार्ग १,००० मिलिमीटरांचा. म्हणजे काकांच्या मीटरगेजला रुळांमध्ये साडेअकरा मिलिमीटर अंतर हवे होते. तसे रूळ त्यांना मिळेनात; म्हणून मिळाले ते रूळ त्यांनी घेतले आणि डबे मात्र मीटरगेजच्या घाटाचे केले. अंतराचेही तसेच. बेळगाव ते लोंढा सुमारे ५० किलोमीटर. ते ह्या मापाने तंतोतंत मांडावयाचे म्हटले, तर ५७५ मीटर लांबीची खोली लागेल! तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे, हेच ह्या कलेतील पहिले शिक्षण होय.

वाचकांस हे काम अगदीच परके वाटू नये. नाताळात आपण गोठा मांडतो, तेव्हा गोणपाट चिखलात बुडवून डोंगर करतो, भुसा हिरवा रंगवून गवत करतो, आरशाच्या तुकड्याचे तळे करतो. दिवाळीत बेळगावची मुले मातीचे किल्ले बांधतात, त्याची तर दूरवर ख्याती आहे. फरक एवढाच, की गोठा आणि किल्ला काही दिवसांनी आवरावयाचा असतो. ही रेल्वे आवरावयाची नसते. ती कोणाच्या तरी स्वाधीन करावयाची असते. आणि तेथेच अडचण सुरू होते.

काकांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेले. काचबिंदूने दृष्टी गेली. काकू वारल्यावर मडगावच्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यावयाचे ठरविले आणि घर विकावयास काढले. सामान काढताना भंगारवाला माडीवर गेला. त्याने रुळांचे पितळ आणि तारांचे तांबे हातांनी चाचपून वजनावर भाव सांगितला. त्याच संध्याकाळी काकांनी आम्हांस बोलावून घेतले.

“तुमच्या मागच्या पडवीत जागा आहे,” ते म्हणाले. “घ्याल का?”

आम्ही होकार दिला आणि किमतीचा विषय काढला. काकांनी एक माफक आकडा सांगितला आणि तो मोजून घेतला. “फुकट दिलेली वस्तू कोपऱ्यात पडते,” एवढेच त्यांनी त्यावर भाष्य केले. निघताना मात्र त्यांनी एक मागणे केले. “बदल करा, दुरुस्त्या करा, माझी हरकत नाही. पण मोडून तुकडे विकू नका. आणि चालती ठेवा.”

ह्या दोन वाक्यांत किती अर्थ आहे, ते आम्हांस पुढे उमगले. बदल करावयाचा, पण मोडावयाचे नाही. ह्या दोहोंमधील रेषा नेमकी कोठे आहे?

रेल्वे पडवीत आली, तेव्हा तिची अवस्था खरोखर शोचनीय होती. बेळगावच्या पावसाळ्याची ओल पिऊन एक फळी मध्यभागी वाकली होती. डोंगरास कसर लागली होती. पितळी रूळ काळे पडले होते. अशा गाडीस रुळांतूनच वीज मिळते. दोन रुळांतून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतात, चाके तो उचलून मोटारीस देतात आणि प्रवाहाची दिशा उलटवली, की गाडी मागे जाते. रूळ काळवंडले, म्हणजे चाकांस वीज पोचत नाही आणि गाडी आचके देत थांबते. फळीखालच्या तारांचे आवरण तर हात लावताच गळून पडत होते.

आमचा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला. “मामा, हे सारे उपटून टाकू. नवे रूळ, नव्या तारा, डिजिटल यंत्रणा. महिन्याभरात झकास होईल.”

त्याचे म्हणणे चूक होते असे नाही. पितळेपेक्षा निकेल-सिल्व्हरचे रूळ बरे, कारण ते गंजाने विजेस तितके अडवीत नाहीत. डिजिटल यंत्रणेत प्रत्येक इंजिनास स्वतःचा क्रमांक असतो आणि एकाच मार्गावर दोन इंजिने निरनिराळ्या वेगाने चालविता येतात. परंतु काकांचे वाक्य आमच्या कानात होते. आम्ही भाच्यास म्हणालो, “आधी ही आहे तशी चालवून पाहू.”

दुसऱ्याची मांडणी हाती घेणाऱ्याने आधी काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढेच पडला होता असे नाही. पुण्यास कोथरूडमध्ये जोशी ह्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. कै. भाऊसाहेब जोशी ह्यांनी छंद म्हणून गाड्या जमविल्या, त्यांची फिरती प्रदर्शने भरविली आणि अखेर १ एप्रिल १९९८ रोजी हे कायमचे संग्रहालय लोकांस खुले केले. तेथे १:८७ मापाचे एक संपूर्ण शहर आहे. गाड्यांबरोबर सर्कस आहे, पोहण्याचा तलावही आहे. भाऊसाहेबांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी ते चालू ठेवले. आरंभ करणाऱ्याचे नाव दारावर असते. परंतु रोज सकाळी रूळ पुसणारा हात पुढच्या पिढीचा असतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

विलायतेतही अशी उदाहरणे आहेत. पीटर डेनी नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूंनी दुसऱ्या महायुद्धानंतर बकिंगहॅमच्या एका कल्पित रेल्वे शाखेची प्रतिकृती मांडावयास घेतली आणि कित्येक दशके ती वाढवीत नेली. एका स्थानकावर त्यांचा मुलगा क्रिस्पिन काम पाहत असे. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, तेव्हा डेनी ह्यांनी त्याच्या जागी घंटेच्या खुणांना उत्तर देणारे एक यंत्र बनविले आणि त्यास मुलाचेच नाव दिले. डेनी २००९ मध्ये वारले. ती मांडणी ज्या प्रतिकृतिकाराच्या हाती गेली, त्याने ती सुटी करून विकली नाही, की नव्या पद्धतीने बदललीही नाही. जुन्या तारा व जुने खटके समजून घेऊन त्याने ती पुन्हा चालती केली. मूळ कर्त्याने ते यंत्र कशासाठी केले, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते अडगळीचा डबाच वाटले असते.

इंग्लंडमधील जॉन अहर्न ह्यांची ‘मॅडर व्हॅली’ नावाची मांडणी अशीच वाचली. ती आज ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे. उलट, अमेरिकेतील जॉन ॲलन ह्यांच्या विख्यात मांडणीचे काय झाले, ते पाहा. ॲलन १९७३च्या जानेवारीत वारले. मित्रमंडळी पुढील व्यवस्थेचा विचार करीत होती, तोच थोड्याच दिवसांत घराला आग लागून ते सारे भस्मसात झाले. चालू ठेवणारा हात मिळण्याइतका अवधीही त्या कामास लाभला नाही.

आणि दूर तरी कशाला जावे? आमच्या दाराशी धावणारी खरी रेल्वेही हातोहात फिरत आलेली आहे. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने ह्या भागात मार्ग घातला. १९०८ साली त्या कंपनीत मद्रास रेल्वे मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १९४४ साली ती सरकारने घेतली. १४ एप्रिल १९५१ रोजी ती दक्षिण रेल्वेत गेली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी आमचा हुबळी विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेत आला आणि १ एप्रिल २००३ पासून तो हुबळीस मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेत आहे. मिस्त्रीकाका नोकरीस लागले ते दक्षिण रेल्वेत आणि निवृत्त झाले ते दक्षिण मध्य रेल्वेतून. त्यांचे काम मात्र तेच होते. १९९०च्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज घातला गेला. रूळ बदलले, इंजिने बदलली, पाट्यांवरील नावे बदलली. परंतु बेळगावनंतर देसूर, मग इदलहोंड, मग खानापूर, गुंजी आणि लोंढा हा क्रम कोणी बदलला नाही. मालक बदलले तरी गाडी कोठून कोठे जावयाची, हे विसरले गेले नाही.

तर आम्ही पडवीतील रेल्वे सहा आठवडे आहे तशी चालविली. एकच काम मात्र आम्ही त्याआधी केले. विजेच्या मुख्य जोडणीचा जुना ट्रान्सफॉर्मर काढून टाकला आणि मान्यताप्राप्त, बंद पेटीतला नवा आणला. घरात मुले आहेत. तेथे थांबून चालणार नव्हते. बाकी आम्ही रूळ पुसले, इंजिनांच्या दात्यांतील घट्ट झालेले जुने वंगण काढून सुईच्या टोकाने एकेक थेंब नवे तेल घातले आणि गाडी कोठे अडते, कोठे घसरते, ते वहीत टिपून ठेवले.

त्या सहा आठवड्यांत कित्येक कोडी उलगडली. खानापूरच्या सांध्याजवळ एक खिळा उगाच ठोकलेला दिसे. तो वाकलेल्या फळीस आधार म्हणून होता. देसूरच्या फलाटाखाली शिशाचा तुकडा होता. तो काढताच फळी गाडीच्या हादऱ्याने गुणगुणू लागली. भाचाही हळूहळू रमला. एके दिवशी तो म्हणाला, “मामा, हा माणूस फार हुशार होता.” आम्ही म्हणालो, “होता काय म्हणतोस? मडगावास आहे.”

इतकी सावधगिरी बाळगूनही आमची चूक व्हावयाची ती झालीच.

बेळगावच्या बाजूच्या फाटकापाशी वीतभर लांबीचा रूळ निर्जीव होता. गाडी तेथे आली, की हटकून थांबे. बोटाने पुढे ढकलली, की पुन्हा चाले. दोन्ही बाजूंस रूळ बारीक कापलेला होता. भाच्याने खालून पाहिले, तो त्या तुकड्यास जोडलेली एक तार फाटकाच्या दांड्याकडे गेलेली दिसली, पण तिच्यात वीज येत नव्हती. आम्ही दोघांनी विचार केला, की हा जोड तुटला असावा. वहीत ‘दोष क्रमांक ७’ असे लिहिले. मग भाच्याने दोन्ही कापांवरून डाख देऊन एक तार टाकली. गाडी फाटकावरून न अडखळता धावू लागली. घरातील सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीच पुढे होऊन त्या दिवशी सर्वांस चहा दिला, इतका आम्हांस आनंद झाला होता.

पुढे दोन महिन्यांनी काका आपल्या मुलीबरोबर बेळगावास आले. घराचे कागद पुरे करावयाचे होते. दुपारी आम्ही त्यांना पडवीत आणले आणि खुर्चीवर बसविले. त्यांनी दोन्ही तळहात फळीच्या कडेवर ठेवले. भाच्याने मोठ्या उत्साहाने गाडी सोडली. काका डोळे मिटून ऐकत होते. देसूर गेले, पूल गेला, खानापूर गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. गाडी वळसा घालून बेळगावकडे आली आणि फाटकावरून निघून गेली.

काकांनी डोळे उघडले. “फाटक पडले का?”

“नाही काका,” भाचा म्हणाला. “उघडेच आहे.”

“मग गाडी गेली कशी?”

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. भाच्याने आपण काय केले, ते खाली मान घालून सांगितले. काका रागावले नाहीत. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. ते आम्हांस रागावण्यापेक्षा अधिक लागले. मग त्यांनी भाच्यास जवळ बोलाविले.

“बाळ, तो दोष नव्हता रे. ती माझी सबंध नोकरी होती.”

मग त्यांनी समजावून सांगितले. खऱ्या रेल्वेत जेथे फाटक आणि सिग्नल एकमेकांस बांधलेले असतात, तेथे फाटक बंद होऊन त्यास कुलूप बसल्याखेरीज सिग्नलचा खटका ओढताच येत नाही. आणि सिग्नल पडलेला असेतो फाटक उघडता येत नाही. ह्यास इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी ह्यांनी १८५६ साली अशा रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे ती जगभर पसरली. तिच्यातील मर्म असे, की माणूस थकलेला असो, घाईत असो की विसराळू असो, त्याच्या हातून चुकीचा खटका हलूच नये. काकांची सारी हयात अशीच कुलुपे तपासण्यात गेली होती. आपल्या छोट्या रेल्वेतही त्यांनी ती रचना केली होती. फाटक खाली आले, की दांड्याखालची पितळी पट्टी ‘टक्’ असा आवाज करून टेकावयाची, मग त्या वीतभर रुळास वीज मिळावयाची आणि मगच गाडी पुढे जावयाची. फाटक उघडे, तर गाडी उभी. काकांची दृष्टी गेल्यावर ती पट्टी कोणी पुसली नाही. ती काळी पडली आणि फाटक बंद केले तरी वीज येईनाशी झाली. बिघाड पट्टीत होता आणि आम्ही पहाराच काढून टाकला होता.

चेस्टर्टन ह्या विख्यात कॅथॉलिक लेखकाने १९२९ साली नेमक्या अशाच प्रसंगाचा दृष्टान्त दिला आहे. रस्त्यावर आडवे फाटक दिसले आणि त्याचा उपयोग कळला नाही, एवढ्यावरून ते काढू नये. ते कशासाठी घातले हे आधी शोधून यावे आणि मग काढावयाचे की नाही ते ठरवावे, असा त्याचा आशय आहे. आम्ही तो दृष्टान्त पूर्वी वाचला होता, चारचौघांत सांगितलाही होता. आणि आपल्याच पडवीत, खरोखरीच्या फाटकापाशी, आम्ही तो विसरलो!

त्याच दुपारी भाच्याने डाखाची तार कापली. पितळी पट्टी त्याने आधी खोडरबराने आणि मग स्पिरिटने स्वच्छ केली. गाडी सोडली. फाटकापाशी येऊन ती थांबली. पडवीत शांतता पसरली. काकांनी हात पुढे करून चाचपत फाटकाचा दांडा शोधला आणि स्वतः खाली दाबला. टक् असा आवाज झाला आणि गाडी निघाली. “आता बरोबर,” काका म्हणाले.

त्यानंतर आम्ही सुधारणा थांबविल्या, असे मात्र वाचकांनी समजू नये. तसे करणे हे काकांच्या इच्छेविरुद्ध झाले असते. वाकलेल्या फळीखाली आम्ही सागवानी पट्ट्यांची चौकट घातली. साऱ्या जुन्या तारा बदलल्या. फळीखालून दोन जाड तारा नेऊन दर तीन फुटांवर त्यांना बारीक तारा जोडल्या, म्हणजे वीज रुळांच्या सांधजोडांवर विसंबून राहात नाही. कसर लागलेला डोंगर काढून नवा केला. त्यात आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्याचा अनुभव कामी आला. पितळी रूळ आहेत तेथेच ठेवले, परंतु दर आठवड्यास ते पुसावयाचे ठरविले. डिजिटल यंत्रणेचा विचार भाच्याने सोडलेला नाही. मात्र फाटकाची कडी तिच्यात कशी टिकवावयाची, ह्याचा आराखडा आधी कागदावर करून काकांस वाचून दाखवावयाचा, असे त्याने आपणहून ठरविले आहे.

ज्या वाचकांच्या घरी अशी जुनी रेल्वे, किंवा कोणतेही जुने चालते यंत्र येईल, त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी लिहून ठेवतो. देणारा हयात असेल, तर वस्तू उचलण्यापूर्वी त्यास एक दिवस ती चालवून दाखवावयास सांगा आणि त्याचे बोलणे लिहून घ्या. कोणतीही तार काढण्यापूर्वी तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी बांधा व छायाचित्र घ्या. रुळांवर काचकागद घासू नका, कारण त्याने पडलेल्या ओरखड्यांत मळ अधिक साचतो; स्वच्छ सुती फडके व आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते, आणि ते वापरताना जवळ दिवा किंवा शेगडी असू नये. जुन्या डाखात व रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून काम झाल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांस त्या धुळीपासून दूर ठेवावे. जे जिवाला धोक्याचे आहे, ते पहिल्या दिवशी बदला. जे नुसते जुने आहे, ते समजेपर्यंत राहू द्या.

आणि आणखी एक. आम्ही एक जाड वही केली आहे. तिच्यात प्रत्येक तार कोठून कोठे जाते, प्रत्येक खिळा कशासाठी आहे आणि आम्ही काय बदलले, ते लिहिले आहे. ‘दोष क्रमांक ७’ ही नोंद आम्ही खोडली नाही. तिच्यापुढे भाच्याने लिहिले आहे: ‘हा दोष नव्हता. फाटक बंद नसेल, तर गाडी थांबलीच पाहिजे.’ आमच्यानंतर ही रेल्वे ज्याच्या हाती जाईल, त्याला मडगावास जाऊन विचारता येणार नाही. त्याला वहीच वाचावी लागेल.

वडिलांनी लावलेली कुळागरे, सासूने घालून दिलेली घराची रीत, जुन्या मास्तरांनी चालविलेली शाळा ह्या साऱ्यांना अशी वही नसते. ज्यांनी ती मांडली, ते मात्र अजून आपल्यात असतात. त्यांच्यापाशी बसून ‘हे असे का?’ म्हणून विचारण्यास एक दुपार पुरते. ती दुपार आपण पुढे ढकलीत राहतो आणि मग एके दिवशी विचारावयास कोणी उरत नाही.

मिस्त्रीकाका आता मडगावास असतात. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. भाचा फोन फाटकाजवळ धरतो आणि गाडी सोडतो. काका काही बोलत नाहीत. ‘टक्’ ऐकू आले, की तेवढे “हं” म्हणतात.